हात एकट्याचा, कान संगतीचा
सातारा-सांगलीकडच्या वर्गाबाहेरील संगीतशिक्षणाचा आढावा

मुलाला संगीत शिकवायचे तर क्लास लावायचा आणि परीक्षांना बसवायचे, ही रीत आता तालुक्याच्या गावांतही रुळली आहे. फलटणसारख्या गावात हार्मोनियम-तबल्याचा वर्ग मिळतो. व्हायोलिन शिकवणारा मात्र शोधावा लागतो. मग ज्याला व्हायोलिनच हवे आहे, ज्याला क्लासची फी परवडत नाही किंवा ज्याला चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा गज हातात धरावासा वाटतो, त्याने काय करायचे? पडद्यावरचे व्हिडिओ पाहून बोटे बसवली तर तो वादक होईल का? आणि बोटे बसली तरी आयत्या वेळी सुचलेले वाजवणे, म्हणजे ज्याला आपण उपज म्हणतो, ती कुठून येणार?

या प्रश्नांची उत्तरे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मिरजेपासून औंधपर्यंत आणि वाईपासून फलटणपर्यंत पसरलेल्या या मुलखात संगीत शिकण्याच्या अनेक वाटा पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. त्या एकत्र पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. वाद्यावरचा हात माणूस एकट्याने तयार करू शकतो. कान मात्र दुसऱ्यांच्या संगतीतच तयार होतो.

वर्ग कशासाठी आला

वर्गाबाहेरच्या शिक्षणाबद्दल बोलताना वर्गाचे ऋण आधी मान्य करायला हवे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (1849–1926) ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. मिरजेत त्यांच्याकडे शिकायला कुरुंदवाडचा एक मुलगा आला. फटाक्याच्या अपघातात त्याची दृष्टी अधू झाली होती. हेच पुढचे विष्णु दिगंबर पलुस्कर. गुरूची मर्जी सांभाळत, वर्षानुवर्षे सेवा करत शिकण्याची रीत त्यांनी स्वतः अनुभवली. मग 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपी आणि छापील पुस्तके सामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत नेली. त्यांच्या निधनाच्याच वर्षी, 1931 साली, शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची त्याची परीक्षांची शिडी आज सगळ्यांच्या परिचयाची आहे.

घरंदाज म्हणवणाऱ्या मुलींना उघडपणे गाणे शिकता आले, ते या वर्गांमुळे. ज्यांच्या घरात पिढीजात गाणे नव्हते त्यांच्यासाठी दार उघडले, तेही या वर्गांनीच. त्यामुळे वर्ग निरुपयोगी आहेत, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तरी शिडीची एक मर्यादा वर्गात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. बंदिश, तिच्या आठ ताना, चार आलाप असे वहीत उतरवून घेतले जाते. मुले ते पाठ करतात आणि परीक्षकासमोर सादर करतात. तान पाठ असते, पण ती आपल्याला सुचलेली नसते. विशारद झालेल्या मुलाला गावच्या भजनात अचानक काळी चारमध्ये साथ करायला बसवले की तो गांगरतो. अभ्यासात तो कमी पडलेला नसतो. दुसऱ्याचे ऐकत ऐकत वाजवण्याची वेळच त्याच्यावर कधी आलेली नसते.

औंधचे व्हायोलिन

सातारा जिल्ह्यातले औंध हे छोटे संस्थान होते. चित्रकार राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या दरबारात अंतुबुवा, म्हणजे अनंत मनोहर जोशी, गायक होते. तेही बाळकृष्णबुवांचेच शिष्य. त्यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 साली सुरू केलेला औंध संगीत महोत्सव संगीतप्रेमींना परिचित आहे. त्यांचे पुत्र गजाननबुवा जोशी (1911–1987) वडिलांकडे गाणे शिकले, पुढे रामकृष्णबुवा वझे, भूर्जी खाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. व्हायोलिन मात्र ते स्वतःच्या प्रयत्नाने शिकले आणि हिंदुस्थानी संगीतात या वाद्याला एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पहिल्या काही वादकांत त्यांची गणना झाली.

हे कसे जमले असेल, ते वाद्याकडे जवळून पाहिले की कळते. सतारीवर पडदे असतात. बोट किंचित मागेपुढे पडले तरी पडदा सूर सांभाळून घेतो. व्हायोलिनच्या पट्टीवर काहीच नसते. बोटाचा शेंडा केसभर सरकला की गंधार ढळतो आणि ढळला हे सांगायला कानाशिवाय दुसरे साधन नसते. उजव्या हातातला गज जरा तिरपा गेला, दाब कमीजास्त झाला की सूर किरकिरतो किंवा विरतो. म्हणजे प्रत्येक क्षणी कानाने चूक ओळखायची आणि बोटाने ती दुरुस्त करायची. गजाननबुवांनी गज धरला तेव्हा त्यांचा कान वडिलांच्या तालमीत पक्का झालेला होता. कोणता सूर कुठे हवा, मींड कुठून कुठे न्यायची, हे गळ्याला माहीत होते. हाताला फक्त गळ्यामागून जायचे होते. 'स्वतः शिकले' या दोन शब्दांमागे असे पुष्कळ काही उभे असते.

कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (1881–1955) हे दुसरे उदाहरण. हार्मोनियमवर त्यांचा हात मुख्यतः स्वतःच्या मेहनतीने बसला. पण 1883 पासून चालत आलेल्या देवल क्लबात त्यांचे येणेजाणे होते. तिथल्या बैठका, भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे यांत त्यांचा कान घडला. खाँसाहेबांची रीतसर तालीम न घेताही ते त्यांना गुरू मानत. प्रभाकर जोग (1932–2021) यांनी गाण्याचे शिक्षण घेतले होते. वडील लवकर गेल्यामुळे किशोरवयातच ते पुण्याच्या वाड्यांतून व्हायोलिनचे कार्यक्रम करू लागले. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले, त्यात साथीला त्यांचे व्हायोलिन होते. पुढे 'गाणारे व्हायोलिन' म्हणून ते घराघरांत पोहोचले. श्रोत्याला त्यांच्या गजातून गाण्याचे शब्द ऐकू येत, कारण गाणे त्यांना आधी गळ्यातून आलेले होते.

लता मंगेशकरांची सांगलीतली आठवण त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. दीनानाथ शिष्याला शिकवत असताना घरात वावरणाऱ्या पाचसहा वर्षांच्या लताने त्या शिष्याची चूक काढून बरोबर गाऊन दाखवले आणि तेव्हा वडिलांना कळले की मुलगी गाते. तिला कोणी शिकवायला बसवले नव्हते. पण त्या घरात रोज उत्तम गाणे चालत होते आणि ते तिच्या कानांवर पडत होते.

मागच्या ओळीतला टाळकरी

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणच्या विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला येते. वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिले उभे रिंगण होते. सातारा जिल्ह्यातल्याच आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याला आजची शिस्त दिली. संगीतशिक्षणाच्या दृष्टीने दिंडी पाहण्यासारखी असते. पुढे विणेकरी, मध्ये मृदंगी, दोन्ही बाजूंना टाळकरी. नवखा मुलगा मागच्या ओळीत उभा राहतो. त्याला कोणी मात्रा मोजून दाखवत नाही. शेजाऱ्याचा हात पाहून त्याचा टाळ पडू लागतो. चाल चढली की आपोआप आवाज चढतो, मृदंग द्रुत झाला की पावले द्रुत होतात. काही वर्षांनी तोच मुलगा पुढच्या ओळीत येतो, एखादी चाल उचलतो. कधीतरी मृदंगी दमतो आणि मृदंग त्याच्या गळ्यात येतो.

यात शिस्त नाही असे कोण म्हणेल? अभंगांचा क्रम ठरलेला, चालींची परंपरा ठरलेली, कोणी कधी उचलायचे तेही ठरलेले. 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था निघाली आणि कीर्तन-मृदंगाला रीतसर पाठशाळाही मिळाली. पण बहुसंख्य गावांत एकादशीचे भजन हीच शाळा राहिली. तिथे चुकणाऱ्याला बाहेर काढत नाहीत. तो चुकतो तेव्हा बाकीचे तीस टाळ बरोबर पडत असतात आणि त्यांच्या ओघात तो सुधारतो.

वरातीतल्या बेंजो पार्टीचीही हीच तऱ्हा. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाचे विजेवर चालणारे रूप, आणि बुलबुल तरंग जपानच्या नागोया शहरात 1912 साली तयार झालेल्या एका बटणांच्या तंतुवाद्यावरून आलेला. पार्टीतल्या पोरांना स्वरलिपी वाचता येत नाही. पण नवे गाणे आले की चार दिवसांत बसवतात, नाचणाऱ्यांचा रंग पाहून कडवे लांबवतात आणि ताशा-हलगीच्या इशाऱ्यावर चाल पालटतात.

उपज कुठून येते

आयत्या वेळी सुचणे ही दैवी देणगी समजली जाते. धनगरी ओवी ऐकली की तिच्यामागची मेहनत दिसते. फलटणजवळचा धुळोबा, माणदेशातला बिरोबा यांच्या कथा धनगर रात्र रात्र गातात. गुंथर सोंथायमर (1934–1992) या जर्मन अभ्यासकाने या मुलखात हिंडून ही परंपरा बारकाईने नोंदवली. मुख्य गाणारा एक ओळ टाकतो, साथीदार ती उचलून धरतात. मध्येच गाणे थांबते आणि तोच भाग गद्यात सांगितला जातो. त्याला सपादणी म्हणतात. मग पुन्हा गाणे. कथा तीच, पण दोन रात्री ती शब्दशः सारखी कधीच होत नाही.

यातली योजना नीट पाहावी. गाणाऱ्याजवळ देवाची, रानाची, मेंढरांची वर्णने करणाऱ्या ओळींचा मोठा साठा असतो. साथीदार ओळ परत म्हणतात तेवढ्यात त्याला पुढचे सुचायला अवकाश मिळतो. श्रोते कुठे रमतात ते पाहून तो कथा फुलवतो किंवा आवरतो. साठा, साथीदार आणि समोरचा श्रोता ही उपजेची तीन अंगे आहेत. त्यातले एकही काढले तर ओवी अडते.

जात्यावरच्या ओव्यांतही दोघी जणी दळायला बसत, एकीची ओळ दुसरी पुरी करी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगीताच्या वर्गाचे तोंडही न पाहिलेल्या बायकांची ही निर्मिती आहे. तमाशात गण-गवळणीनंतरची बतावणी आणि वगातले संवाद पूर्वी पुष्कळदा लिहिलेलेच नसत. कथेचा सांगाडा ठरलेला, बाकीचे फडावर उभे राहून. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी याच हजरजबाबीपणावर पिढ्या हसवल्या. ढोलकी आणि हलगीच्या जुगलबंदीत एकाने टाकलेला तुकडा दुसऱ्याने तिथल्या तिथे परत करायचा असतो. घरी एकट्याने बसून हा रियाज होत नाही.

या वाटेची किंमत

हे सगळे सांगताना त्यावर सोनेरी मुलामा चढवणे बरे नाही. वर्गाबाहेर शिकलेल्यांपैकी अनेकांना वर्गाचे दार बंदच होते. गजाने वाजणारे वाद्य आपल्याकडे व्हायोलिनच्या आधीपासून आहे. डक्कलवार समाजातले कलावंत किंगरी वाजवत जांबपुराण सांगत आले. हा समाज जातिव्यवस्थेच्या तळाशी ढकलला गेला आणि त्याचे वाद्यही कुठल्या अभ्यासक्रमात शिरले नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर कोल्हाटी समाजातल्या. लहानपणी आईबरोबर गात पोट भरणाऱ्या या गायिकेला 2012 साली, वयाच्या नव्वदीनंतर, पद्मश्री मिळाली. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णींनी पठ्ठे बापूराव होऊन तमाशाचा फड धरला तेव्हा त्यांना आपल्या जातीतली जागा गमवावी लागली. या कलावंतांची विद्या कुणाहून कमी नव्हती. तिला मान आणि मोबदला मात्र उशिरा मिळाला, पुष्कळांना तर मिळालाच नाही.

दुसरी उणीव वाचनाची. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून गावागावांतल्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यामुळे तिथले वादक मुंबईत आले तेव्हा समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवू शकत होते, आणि चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद त्यांच्यावर उभे राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे त्यांतले मोठे नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. आपल्या घाटावरच्या वादकाचा कान तयार होता, पण कागद वाचता येत नसल्याने ती नोकरी त्याला मिळाली नाही.

तिसरी उणीव सर्वांत धोक्याची आहे. एकट्याने शिकणाऱ्याची चूक त्याला ऐकू येत नाही. खोटा निषाद महिनाभर वाजवला की तोच खरा वाटू लागतो. गज धरताना मनगट आखडले तर तीच सवय हाडात शिरते आणि पुढे द्रुत लयीत हात चालत नाही.

जगाचा अनुभव

बाहेरचा अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. या शतकाच्या सुरुवातीला लूसी ग्रीन या इंग्लंडमधल्या संशोधिकेने चौदा लोकप्रिय संगीतकारांशी बोलून ते कसे शिकले ते मांडले. आवडीचे गाणे निवडायचे, ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून वाद्यावर काढायचे, मित्रांच्या टोळक्यात बसून वाजवायचे आणि त्यातच नवे रचायचे, अशी ती पद्धत. पुढे तिथल्या शाळांनी ती वर्गातही वापरून पाहिली.

जपानचे शिनिची सुझुकी (1898–1998) यांच्या वडिलांचा नागोयात व्हायोलिनचा कारखाना होता. पण त्या वाद्यात केवढे गाणे आहे, हे त्यांना तरुणपणी मिशा एलमनची तबकडी ऐकल्यावर उमगले आणि ते स्वतःच वाजवू लागले. नंतर बर्लिनला जाऊन त्यांनी गुरूही केला. त्यांच्या जगभर गेलेल्या पद्धतीत मूल मातृभाषा जशी ऐकून शिकते तसेच व्हायोलिन शिकते. आधी ऐकणे, मग वाजवणे, वाचन त्यानंतर, आणि या सगळ्यात आईबापांची हजेरी.

बर्लिनमधल्याच व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा अभ्यास 'दहा हजार तासां'साठी गाजला. त्यातला मुख्य मुद्दा मात्र मागे पडला. ते तास नुसते वाजवण्याचे नव्हते. शिक्षकाने नेमके दाखवून दिलेल्या कच्च्या जागांवर केलेली ती मेहनत होती. कच्ची जागा कोणती, हे सांगणारे कोणीतरी लागतेच.

आता मोबाइलने तानपुरा, लेहरा, ठेका आणि उत्तमोत्तम वादकांचे शिकवणे फलटणच्या पोराच्या खिशात आणून ठेवले आहे. मागच्या पिढीला हे स्वप्नातही मिळाले नसते. त्याने हात झपाट्याने तयार होतो. पण मोबाइलवरचा ठेका वादकाकडे पाहून लय सावरत नाही आणि व्हिडिओतला गुरू चुकलेला गंधार ऐकत नाही.

मग करायचे काय

वर्गाबाहेर व्हायोलिन शिकणाऱ्याने आधी गावे. जे गळ्यातून नीट निघत नाही ते बोटातून निघणार नाही. तानपुऱ्याशिवाय गज उचलू नये. लांब, सरळ गजाने एकच सूर तानपुऱ्यात मिसळेपर्यंत लावावा आणि मगच पुढे जावे. लहानपणापासून तोंडी असलेला एखादा अभंग किंवा भूपाळी निवडून ती कागदाविना, ऐकून काढावी. तिच्याच तीन सुरांत रोज नवी वाक्ये करून पाहावीत आणि प्रत्येक वाक्य समेवर आणावे. उपजेचा आरंभ इथून होतो. आपले वाजवणे ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. स्वरलिपी वाचायला शिकावे, म्हणजे गोव्याच्या वादकाला मिळाली ती सोय आपल्यालाही मिळेल. महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसाला ऐकवावे. तो व्हायोलिनवादक नसला तरी चालेल. पेटीवाले बुवा किंवा मुरलेला भजनी यांनाही सूर ढळलेला लगेच कळतो. आणि आठवड्यातून एकदा भजनात साथीला बसावे, मागच्या ओळीत, हळू आवाजात.

ही जबाबदारी एकट्या शिकणाऱ्यावर टाकून मात्र भागणार नाही. फलटणला याच धर्तीचा एक धडा शिक्षणक्षेत्रात आधीच मिळालेला आहे. मॅक्सीन बर्नसन यांनी इथे येऊन फलटणच्या बोलीचा अभ्यास केला आणि प्रगत शिक्षण संस्था व कमला निंबकर बालभवन उभे केले. मूल घरी जी भाषा बोलते तिला चूक न ठरवता तिच्यापासून वाचन-लेखन शिकवायचे, हा त्या कामाचा गाभा. संगीतातही हे करता येईल. मुलाच्या घरात वारीची चाल आहे, आजीची ओवी आहे, गजी ढोलाचा ठेका आहे. सा रे ग म च्या आधी ते त्याच्याकडून ऐकून घ्यावे.

सोय करणे फार अवघड नाही. क्लास चालवणाऱ्यांनी परीक्षेच्या तयारीतला आठवड्याचा एक तास पाठ केलेल्या तानांऐवजी मुलांना एकमेकांचे ऐकून वाजवायला द्यावा. भजनी मंडळांनी व्हायोलिन, बासरी घेऊन येणाऱ्या नवख्याला जागा द्यावी, तो चुकला तरी. परीक्षा मंडळांनी आयत्या वेळी दिलेल्या सुरावटीवर काही वाजवून दाखवण्याला गुण ठेवावेत. तालुक्याच्या वाचनालयांनी महिन्याची एक बैठक भरवावी, जिथे ओवी गाणारा, पेटीवाला, बेंजोवाला आणि विशारद झालेली मुलगी एकाच सतरंजीवर बसतील.

2024 साली मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या भोपळ्यांपासून ही वाद्ये घडवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्यांचा तो मान आहे. वाद्ये आपल्याकडे आहेत, शिकवणारे वर्ग आहेत, मोबाइलमध्ये गुरू आहेत. कमी आहे ती एकत्र बसून ऐकण्या-वाजवण्याची जागा. तुमच्या गावात ती नसेल, तर या एकादशीपासून सुरू करा. चार जण पुरेत.